डॉक्टर लिहितात 'अर्ली', क्यूए मारतं एरर: कानाच्या त्वचेच्या कॅन्सरचा कोड नक्की कोणता?

रात्रपाळी

नमस्कार. इथे मेडिकल कोडिंगवाले (डॉक्टरांच्या नोटमधल्या आजारांना विम्याच्या क्लेमसाठी कोड लावणारे) बरेच आहेत असं झोपेच्या धाग्यावर दिसलं, म्हणून धीर करून विचारतेय. मी बी.फार्म., मग सीपीसी (कोडिंगचं सर्टिफिकेट), दोन वर्षं रेडिओलॉजी. आता तीन महिन्यांपासून अमेरिकेतल्या डर्मॅटॉलॉजीच्या चार्टवर आहे, खराडीत.

परवाचा चार्ट. उजव्या कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे हेलिक्सवर, खपली धरलेला डाग, भरता भरत नाही. डॉक्टरांनी शेव्ह बायोप्सी घेतली, म्हणजे वरच्या वर तासून तुकडा काढला. नोटमध्ये इम्प्रेशन: 'अर्ली स्क्वेमस सेल स्किन कॅन्सर, राइट इअर'. खाली पॅथ रिपोर्ट जोडलेला: 'स्क्वेमस सेल कार्सिनोमा इन सिटू'.

मी सी४४.२२२ हा आयसीडीचा (आजारांच्या कोडच्या यादीतला) कोड लावला. स्क्वेमस आहे, कान आहे, उजवा आहे, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने कॅन्सर लिहिलंय. क्यूएने (आमचं काम तपासणाऱ्यांनी) एरर मारली. शेरा दोन शब्दांचा: 'बिहेवियर चुकीचं'. रिबटलला, म्हणजे हरकत घ्यायला, दोन दिवस आहेत. टीम लीडरला विचारलं तर म्हणाला गाइडलाइन वाच. ती मी वाचली आहे हो, पण 'अर्ली' हा शब्द मला इंडेक्समध्ये कुठेच सापडला नाही. सुरुवातीच्या स्टेजचा वेगळा कोड असतो का?

(तपशील बदलून लिहिले आहेत. वय, तारीख काही खरं नाही, कुणी काळजी करू नये.)

वऱ्हाडी_ठेचा

शेवटची ओळ लिहिलीस ते बरं केलंस, नाहीतर आधी त्यावरच बोललो असतो.

ताई, क्यूए बरोबर आहे. मी अकरा वर्षं हेच करून राहिलो, त्यातली सहा ऑडिटमध्ये. रिबटल टाकू नको, वाया जाईल.

'अर्ली' सापडला नाही कारण तो तिथे नाहीच. निओप्लाझमचं, म्हणजे गाठींचं, टेबल उघड. डावीकडे जागा, आणि समोर सहा रकाने: मॅलिग्नंट प्रायमरी, मॅलिग्नंट सेकंडरी, इन सिटू, बिनाइन, अनसर्टन, अनस्पेसिफाइड. यात पहिली स्टेज, दुसरी स्टेज, लवकरचा, उशिराचा असा रकाना आहे का? नाही. गाठ किती वाढली हे हा कोड विचारतच नाही. ती वागते कशी, एवढंच विचारतो. म्हणून शेरा 'बिहेवियर'.

तुझा रिपोर्ट 'इन सिटू' म्हणतो, वरच्या थरातच असलेला, खाली न घुसलेला. म्हणजे तिसरा रकाना, डी०४.२ च्या घरात. सी४४.२२ हे घुसलेल्या स्क्वेमसचं घर. डॉक्टरच्या तोंडी दोन्ही 'अर्ली'च असतात, कारण पेशंटला धीर द्यायचा असतो. इन सिटू असेल तरी अर्ली, आणि पाच मिलिमीटरचा खराखुरा घुसलेला असेल तरी अर्लीच.

रात्रपाळी

अरे देवा. दादा, धन्यवाद! म्हणजे स्टेज आणि बिहेवियर मी एकच धरून बसले होते. लगेच दुरुस्त करते, डी०४.२२. शेवटचा २ उजव्याचा ना, सी४४.२२२ सारखाच. रिबटल कॅन्सल.

वऱ्हाडी_ठेचा

थांब थांब थांब!

काहून एवढी घाई? सबमिट केलं का? डी०४.२२ म्हणजे डावा कान.

रात्रपाळी

केलं नाही अजून. पण सी४४.२२२ उजवा, मग डी०४.२२ डावा कसा??

वऱ्हाडी_ठेचा

हीच तर गंमत आहे, आणि यात अकरा वर्षांवाले पण पडतात. सी४४ मध्ये सहाव्या जागेवर १ म्हणजे बाजू लिहिलेली नाही, २ म्हणजे उजवा, ९ म्हणजे डावा. म्हणून बेसलचा (हा त्वचेचा दुसरा कॅन्सर) उजवा सी४४.२१२, डावा सी४४.२१९. स्क्वेमसचा उजवा सी४४.२२२, डावा सी४४.२२९.

आता डी०४ बघ. तिथे पाचवी जागा शेवटची. शून्य म्हणजे बाजू नाही, १ उजवा, २ डावा. डी०४.२१ उजवा, डी०४.२२ डावा. मेलानोमा सी४३ चं तसंच आहे, मेलानोमा इन सिटू डी०३ चं तसंच. सी४४ तेवढा वेगळ्या चालीचा. शेवटचा आकडा बघून बाजू ठरवायची सवय असेल तर उजव्या कानाच्या माणसाचा डावा कान कापायची परवानगी मागशील एक दिवस.

आणि एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) वापरत असशील तर वर्णन वाचल्याशिवाय एंटर मारायचं नाही. आकडे तोंडपाठ असणं ही कोडरची फुशारकी असते, चुकाही तिथूनच होतात.

चहाबाज_फ्रेशर

बाप रे, हे आम्हाला क्लासमध्ये कुणीच सांगितलं नाही. तिथे फक्त 'लॅटरॅलिटी इज इम्पॉर्टंट' एवढंच घोकून घेतलं.

एक विचारू? रिपोर्ट आलेला नसताना मी अशा चार्टना डी४८.५ लावतो. अनसर्टन बिहेवियर. अजून कळलेलं नाही म्हणजे अनसर्टनच ना?

सूक्ष्मदर्शक

हा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सांगलीकडे. कोडिंगमधलं फार कळत नाही, पण 'अनसर्टन' हा शब्द आमचा आहे आणि तो आम्ही गाठ बघून झाल्यावर वापरतो. स्लाइड पाहिली, रंग बदलून पाहिली, सहकाऱ्याला दाखवली, तरी ती पुढे कशी वागेल ते सांगता येत नाही, तेव्हा. रिपोर्ट आलाच नाही म्हणून जर कुणी आमच्या नावावर 'अनसर्टन' लिहीत असेल तर आम्ही न केलेलं निदान आमच्या गळ्यात घातल्यासारखं आहे.

मूळ प्रश्नाबद्दलही थोडं. इन सिटू म्हणजे काय हे कोड लावणाऱ्याने एकदा स्लाइडवर बघायलाच हवं असं मला वाटतं. त्वचेचा वरचा थर, एपिडर्मिस, पातळ कागदाएवढा. त्याच्या तळाशी एक बारीक रेघ असते, बेसमेंट मेम्ब्रेन. इन सिटूमध्ये त्या थरात वरपासून खालपर्यंत पेशी बिघडलेल्या दिसतात. केंद्रकं मोठी, काळी, एकमेकींवर चढलेली, वरच्या मजल्यावरसुद्धा पेशी विभागताना सापडतात. नवख्याला वाटतं हा तर भयंकर कॅन्सर. पण खालची रेघ शाबूत असते. एकही पेशी पलीकडे उतरलेली नाही. यालाच बोवेन्स डिसीज म्हणतात. रेघ ओलांडून पेशींचं एक बेट जरी खालच्या थरात दिसलं की नाव बदलतं.

कानाच्या बाबतीत त्या रेघेला जास्त किंमत आहे. पाठीवर, मांडीवर त्वचेखाली चरबीची गादी असते. कानाच्या पुढच्या बाजूला त्वचा जवळजवळ थेट कूर्चेच्या आवरणाला चिकटलेली. स्वतःचा कान चिमटीत धरून बघा, पुढची त्वचा सरकतच नाही. रेघ ओलांडली की कूर्चा फार लांब नाही. म्हणून स्क्वेमससाठी कान आणि ओठ या जागा डॉक्टर मंडळी जास्त जपून बघतात.

चहाबाज_फ्रेशर

सॉरी डॉक्टर 🙏 मग रिपोर्ट नसताना काय लावायचं?

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरने काय लिहिलं ते. 'निओप्लाझम' किंवा 'ग्रोथ' लिहिलं असेल तर डी४९.२, तो अनस्पेसिफाइड. नुसतं 'लिजन' (डाग) लिहिलं असेल तर तो निओप्लाझमसुद्धा नाही, एल९८.९. 'रूल आउट स्क्वेमस', 'सस्पिशस फॉर बेसल', 'प्रोबेबल' असं असेल तर ओपीडीच्या चार्टवर ते कॅन्सर म्हणून लावायचंच नाही. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला नियम उलटा आहे, तिथे 'प्रोबेबल' लिहिलेलं असलं तरी असल्यासारखं कोड करतात. पण हेलिक्सवरच्या खपलीसाठी कोण ॲडमिट होतंय.

बहुतेक क्लायंट बायोप्सीचा चार्ट रिपोर्ट येईपर्यंत होल्डवर ठेवायला सांगतात. ओपीडीत पॅथॉलॉजिस्टचा फायनल रिपोर्ट हातात असेल तर त्यावरून कोड करता येतो, तो डॉक्टरच असतो ना. ॲडमिट पेशंटला मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते स्वतःच्या नोटमध्ये मान्य करावं लागतं. डी४८.५ रिपोर्ट नसताना लावलास तर तुझ्यावर मी स्वतः एरर मारीन, नाव गाव शोधून.

नोंदवही

मला इथे वेगळंच सांगायचंय. मी कोडर नाही, कॅन्सर रजिस्ट्रीत काम करते, आपल्याकडे. आम्ही आयसीडी-ओ वापरतो, ऑन्कॉलॉजीसाठीची वेगळी पुस्तिका. तिथे जागेचा कोड आणि पेशींचा कोड वेगळे. बाहेरच्या कानाची त्वचा सी४४.२. स्क्वेमस ८०७०. आणि मग तिरकी रेघ मारून बिहेवियरचा एक आकडा. ८०७०/३ म्हणजे घुसलेला, ८०७०/२ म्हणजे इन सिटू. बोवेनला तर स्वतःचा आकडा आहे, ८०८१/२. सूक्ष्मदर्शक डॉक्टरांची ती बारीक रेघ आमच्याकडे खरोखर एका आकड्यात बसते. नवीन मुलींना मी सांगते, सगळा फॉर्म चुकला तरी चालेल, तिरक्या रेघेनंतरचा आकडा चुकवू नका.

आयसीएमआरचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ पासून आहे, मुंबईची रजिस्ट्री त्याच्याही आधीची, १९६३ ची. पण गंमत म्हणजे अमेरिकेतली सीअर रजिस्ट्री त्वचेचे साधे बेसल आणि स्क्वेमस मोजतच नाही. रात्रपाळीताईंचा पेशंट विम्याच्या कागदांवर आहे, तिकडच्या कॅन्सरच्या आकडेवारीत मात्र त्याला जागाच नाही.

ह्यूस्टनचा_पाऊस

इथल्या एका स्किन क्लिनिकच्या बिलिंगमध्ये आहे, सात वर्षं. तुम्ही तिकडे रात्री जे कोड लावता त्याचे फोन सकाळी माझ्या डेस्कवर येतात, म्हणून ही बाजूही ऐका.

मागच्या वर्षी एक आजी. कानाच्या मागे डाग, रिपोर्ट इन सिटू, डॉक्टरांनी समजावलं की हा वरच्या थरातच आहे, काढून टाकू. घरी गेल्या. मुलीने पोर्टल उघडलं, तिथे 'मॅलिग्नंट निओप्लाझम ऑफ स्किन ऑफ लेफ्ट इअर'. मुलगी दुसऱ्या राज्यातून विमानाने आली. फोनवर मला एकच विचारत होती, 'आईला कॅन्सर आहे की नाही ते मला एका शब्दात सांगा.' मी डॉक्टर नाही, मी एका शब्दात काय सांगणार. कोड बदलायला आम्हाला नऊ दिवस लागले, कारण क्लेम आधीच गेलेला होता. कोण कोडर होता माहीत नाही, कदाचित घाईत होता. त्याच्यासाठी ती एका शिफ्टमधली एक ओळ.

बाकी प्रोसिजरच्या, म्हणजे डॉक्टरने काय केलं त्याच्या, कोडकडेही लक्ष ठेवा. कानाची बायोप्सी असली तरी लोक सवयीने १११०२ लावतात, शेव्हचा साधा कोड. बाहेरच्या कानाच्या बायोप्सीला ६९१०० हा स्वतःचा कोड आहे, आणि कानाच्या नळीतली असेल तर ६९१०५.

वऱ्हाडी_ठेचा

+१. ६९१०० माझ्या टीममध्येही दर महिन्याला सुटतो.

द्राक्षबागायतदारीण

मी कोडिंगवाली नाही, चुकून धाग्यावर आले आणि सगळा वाचून काढला. आमच्या घरी हेच झालंय म्हणून लिहिते.

माझे मिस्टर, निफाड तालुका, आयुष्य बागेत. उन्हात टोपी घालायची तर गावाची टोपी, कान उघडेच. डाव्या कानाच्या पाळीवर एक चकचकीत मोत्यासारखा फोड, मधे खड्डा. दोन वर्षं हळद लावली. नाशिकला काढला, बेसल सेल कार्सिनोमा निघाला, कडा स्वच्छ. मेडिक्लेमने ऑपरेशनचे पैसे दिले, ते ठीक. पण आमची वेगळी गंभीर आजाराची पॉलिसी होती. एजंट म्हणाला होता, कॅन्सर निघाला की एकरकमी रक्कम. क्लेम नाकारला. पत्रात लिहिलं, आजार व्याख्येत बसत नाही. डिस्चार्ज कार्डवर कॅन्सर लिहिलंय, सी४४.२ लिहिलंय, मग कॅन्सर नाही असं कोण म्हणू शकतं? कोड चुकला का? कोड बदलून घेतला तर मिळतील का?

वऱ्हाडी_ठेचा

काकू, आधी काका बरे आहेत ना?

कोड चुकलेला नाही. आपल्याकडे दवाखाने डब्ल्यूएचओची आयसीडी-१० वापरतात, तिच्यात सी४४.२ इथेच गाडी थांबते. बेसल की स्क्वेमस, डावा की उजवा, ती पुढची अक्षरं अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेली आहेत, २०१५ च्या ऑक्टोबरपासून तिकडे चालू. डॉक्टरांनी बरोबरच लिहिलं.

पॉलिसीची व्याख्या मात्र कोडवर चालत नाही. गंभीर आजारांच्या व्याख्या आयआरडीएआयने (विमा नियामकाने) सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या करून दिल्यात. त्यात कॅन्सरच्या खाली वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. इन सिटू वगळलेला. मेलानोमा सोडून त्वचेचे बाकीचे कॅन्सर वगळलेले, लिम्फ नोडपर्यंत किंवा पुढे पसरल्याचा पुरावा नसेल तर. मेलानोमासुद्धा एपिडर्मिसच्या खाली उतरलेला नसेल तर नाही. काकांचा बेसल कडा स्वच्छ ठेवून निघाला, म्हणजे तो या यादीत सरळ बसतो. कोड बदलून काही होणार नाही, आणि कुणी 'मी बदलून देतो' म्हटलं तर त्याला दारात उभं करू नका.

द्राक्षबागायतदारीण

बरे आहेत. पाळी थोडी आखूड झालीय, नातू चिडवतो.

म्हणजे लवकर सापडला म्हणून पैसे नाहीत, असंच ना. एजंटला हे माहीत होतं का हेच मला आता विचारायचंय. तो आमच्याच भावकीतला आहे, दिवाळीला येईल.

ह्यूस्टनचा_पाऊस

काकू, दिवाळीचा वृत्तांत इथे टाकाच.

सूक्ष्मदर्शक

मिस्टरांना म्हणावं दुसरा कानही दर सहा महिन्यांनी आरशात बघा, मागची बाजू तुम्ही बघा. ज्याला एकदा बेसल झाला त्याला दुसरीकडे नवा होऊ शकतो. आणि रुंद काठाची टोपी घ्या, गावाच्या टोपीने डोकं झाकतं, कान नाही.

रात्रपाळी, तुमच्या रिपोर्टमध्ये 'इन सिटू' एवढंच होतं की पुढेही काही? शेव्ह बायोप्सीत आम्हाला बऱ्याचदा तळच मिळत नाही. डागाचा खालचा भाग कानावरच राहतो. तेव्हा आम्ही लिहितो, 'ॲट लीस्ट इन सिटू, खोलवर घुसला आहे का ते या तुकड्यात सांगता येत नाही'. तसं असेल तर?

रात्रपाळी

डॉक्टर, तुम्ही मनकवडे आहात का! आत्ता परत उघडून पाहिला. 'स्क्वेमस सेल कार्सिनोमा इन सिटू, एक्स्टेंडिंग टू द डीप मार्जिन', म्हणजे तुकड्याच्या तळच्या कडेपर्यंत. घुसल्याबद्दल शब्द नाही. पण मार्जिनला आहे म्हटल्यावर खाली काय असेल ते कुणाला माहीत? मग डी०४.२१ तरी खात्रीचा का?

वऱ्हाडी_ठेचा

खात्रीचा. तुकड्यात जे दिसलं तेच कोड करायचं. मार्जिनला असणं आणि रेघ ओलांडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. 'ॲट लीस्ट इन सिटू' असतं तरी इन सिटूच लावला असता, कारण तेवढंच नक्की आहे. खाली काय आहे ही शंका झाली, आणि ओपीडीत शंकेचा कोड नसतो. नोटमध्ये 'अर्ली स्किन कॅन्सर' आणि रिपोर्टमध्ये 'इन सिटू' असं दोन तोंडी दिसतंय तर डॉक्टरला क्वेरी टाक. दोन ओळींची, उत्तर न सुचवता. 'हा डी०४ आहे ना?' असं विचारायचं नाही, 'निदान स्पष्ट करावं' एवढंच.

रात्रपाळी

क्वेरी टाकली. डॉक्टरांचं उत्तर सहा तासांत: 'एससीसी इन सिटू. थँक यू.' एरर मात्र तशीच राहिली, राहू दे.

चहाबाज_फ्रेशर

ताई, डाग काढल्यावरचा चार्ट आला की सांगा, मला मार्जिनचं गणित कधीच जमत नाही.

रात्रपाळी

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतेय. चार्ट आला, माझ्याच क्यूमध्ये! डाग आठ मिलिमीटर, भोवती सगळीकडून चार-चार मिलिमीटर सोडून काढला. म्हणजे ८ अधिक ४ अधिक ४, सोळा मिलिमीटर, १.६ सेंटिमीटर. कानाचा मॅलिग्नंट एक्सिजनचा (कापून काढण्याचा) गट ११६४० पासून, १.१ ते २ सेंटिमीटरला ११६४२. इन सिटूलाही हाच गट चालतो, विचारून घेतलं. फ्रेशर, माप डॉक्टरांनी कापायच्या आधी लिहिलेलं घ्यायचं. रिपोर्टमधलं घेतलंस तर फॉर्मालिनमध्ये तुकडा आकसलेला असतो.

आता गोची ही की रिपोर्ट म्हणतो, 'नो रेसिड्युअल कार्सिनोमा'. काहीच शिल्लक नव्हतं, बहुधा शेव्हमध्येच सगळा निघाला होता. मग निदानाचा कोड काय? बिनाइन? की हिस्टरीचा?

वऱ्हाडी_ठेचा

डी०४.२१ च. कापलं कशासाठी, तर त्या इन सिटूसाठी. आधीच्या बायोप्सीतलं निदान हेच या भेटीचं कारण. झेड८६.००७, म्हणजे त्वचेच्या इन सिटूची हिस्टरी, तो पुढच्या तपासणीला, जेव्हा उपचार संपलेले असतील. घुसलेला स्क्वेमस असता तर हिस्टरीला झेड८५.८२८. आणि बिनाइन लावलास तर ११६४२ शी कोडच जुळणार नाही, क्लेम दारातूनच परत येईल.

रात्रपाळी

लावला. डी०४.२१. उजवा. सबमिट करायच्या आधी वर्णन तीनदा वाचलं आणि स्वतःचा उजवा कान एकदा धरून बघितला, शेजारच्या क्युबिकलमधला मुलगा विचित्र नजरेने बघत होता.

द्राक्षबागायतदारीण

दिवाळी अजून यायचीय. टोपी आणली.